कळसूबाई म्हणजे चार देवगिरी

पहिला पाऊस पडून गेला की माझा फोन वाजायला लागतो. सिडकोतून, गारखेड्यातून, कधी वाळूजच्या एखाद्या कंपनीतल्या ग्रुपकडून. प्रश्न ठरलेले असतात. ‘कळसूबाई एका दिवसात होते का?’ ‘सांदण दरी पावसात दाखवतात का?’ ‘आईचे गुडघे दुखतात, पण ती येतेच म्हणते, चालेल ना?’ आणि हल्ली सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न : ‘इन्स्टाग्रामवर एकाने जाण्यायेण्यासकट सगळं स्वस्तात सांगितलंय, पैसे भरून टाकू का?’

फोनवर प्रत्येकाला अर्धं उत्तर मिळतं. म्हणून छत्रपती संभाजीनगरहून सह्याद्रीत सहल किंवा ट्रेक आखणाऱ्यांसाठी हे एकदा सविस्तर लिहितो आहे. पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी लिहिलेले सल्ले आपल्याला नीट बसत नाहीत. ते डोंगराच्या पायथ्याशी राहतात. आपल्याला आधी दोनशे किलोमीटर गाडीत बसावं लागतं, आणि आपले बहुतेक बेत फसतात ते तिथेच.

आधी झोप मोजा, मग पैसे

माझी पहिली कळसूबाई सांगतो. शनिवारी रात्री दहाला क्रांती चौकातून टेम्पो ट्रॅव्हलर निघाली. सतरा जण. एक वाजेपर्यंत अंताक्षरी. साडेतीनला बारी गावात चहा, आणि लगेच बॅटरीच्या उजेडात चढाई सुरू. उजाडता उजाडता आम्ही माथ्यावर होतो. सगळीकडे धुकं, देवीच्या देवळाचा कळसही नीट दिसेना. फोटो काढले आणि निघालो. खरी गंमत उतरताना झाली. लोखंडी शिडीच्या मधल्या पायरीवर माझा मित्र थांबला. मला वाटलं, बुटाची नाडी बांधतोय. जवळ जाऊन पाहिलं तर दोन्ही हातांनी कठडा धरून त्याचे डोळे मिटले होते. आमचा म्होरक्या अर्धा तास पुढे निघून गेला होता. परतीच्या वाटेवर येवल्याच्या अलीकडे ड्रायव्हरचाही डोळा लागला आणि गाडी डाव्या बाजूला रस्ता सोडून मुरमावर उतरली. कुणाला लागलं नाही. त्यानंतर मी रात्रीचा प्रवास करून पहाटे चढायचा बेत आजवर केलेला नाही.

याला नशिबाचा भाग म्हणून सोडून देऊ नका. २०२३ च्या जुलैत समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ प्रवासी गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात आपल्याच जिल्ह्यात, वैजापूरजवळ, मिनीबसच्या अपघातात १२ भाविक गेले. दोन्ही अपघात मध्यरात्र उलटल्यावरचे.

म्हणून बेत आखताना कागदावर पहिली ओळ ही लिहा : चढण्यापूर्वी मला सलग सहा तास झोप कुठे मिळणार आहे? उत्तर ‘गाडीत’ असेल तर तो बेत रद्द करा. त्याऐवजी हे दोन पर्याय आहेत :

- शनिवारी सकाळी निघा. दुपारी भंडारदरा परिसरात पोहोचा, संध्याकाळी धरणाच्या काठी फिरा, गावात मुक्काम करा आणि रविवारी पहाटे चढा. दुपारी दोनपर्यंत खाली या, जेवा, तासभर आडवे व्हा आणि उजेडातच परतीचा बहुतेक रस्ता कापा.
- एकच दिवस हातात असेल तर लांब जाऊच नका. म्हैसमाळ, पितळखोरा, गौताळा, वेताळवाडीचा किल्ला, अंतूर ही ठिकाणं दिवसात होतात. ‘मराठवाड्यात डोंगर कुठे आहेत’ असं म्हणणाऱ्याने एकदा हळद्याच्या घाटातून वेताळवाडीची तटबंदी पाहून यावी.

दोन ड्रायव्हर असतील तर रात्रीचा प्रवास चालेल का, असं विचारलं जातं. ड्रायव्हरचं भागेल, पण शिडीवर चढणारे तुम्ही जागेच असणार आहात.

डोंगर कुठला निवडायचा?

समुद्रसपाटीपासूनची उंची पाहून डोंगर निवडू नका. कळसूबाई १६४६ मीटर म्हणजे राज्यातलं सर्वांत उंच शिखर, हे शाळेत पाठ केलेलं असतं. पण तुमच्या पायांना त्या आकड्याशी काही देणंघेणं नाही. पायथ्यापासून माथ्यापर्यंत किती चढायचं, एवढंच पाय विचारतात.

मी त्यासाठी घरचं माप वापरतो : देवगिरी. दौलताबादचा तो शंकूसारखा डोंगर पायथ्यापासून सुमारे दोनशे मीटर उठलेला आहे. खंदक, अंधारी, मग पायऱ्याच पायऱ्या आणि वर बारादरी, हे आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या सहलीत एकदा तरी केलेलं असतं. बारी गावातून कळसूबाईची चढाई आठशे मीटरच्या पुढे जाते. म्हणजे चार देवगिरी, एकावर एक. मध्ये कुल्फीवाला नाही.

चाचणी सोपी आहे. निघण्याच्या तीन-चार आठवडे आधी एका सकाळी देवगिरीवर पाठीवर चार-पाच किलोची पिशवी घेऊन दोनदा चढा-उतरा. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागला, तर अजून तयारी नाही. मग रोज सकाळी गोगाबाबाची टेकडी चढा. सपाट रस्त्यावर दहा हजार पावलं चालण्याचा उतारावर फारसा उपयोग होत नाही. गुडघे उतरताना बोलतात, चढताना नाही.

आणि हे माप ग्रुपमधल्या सगळ्यात तगड्या माणसाला नाही, सगळ्यात कच्च्या माणसाला लावा. त्याचा वेग तोच तुमचा वेग.

ढोबळ निवड अशी :

- लहान मुलं, साठीपुढचे, गुडघेदुखीवाले सोबत असतील तर : भंडारदऱ्याला मुक्काम करा. धरण (हे विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं), रतनवाडीचं अमृतेश्वराचं कोरीव देऊळ, घाटघरचा कडा, रंधा धबधबा कठड्याच्या अलीकडून. चढाई शून्य आणि सह्याद्री डोळे भरून. आईला न्यायचंच असेल तर इथे न्या. कळसूबाईच्या पायथ्याला ‘तू बस, आम्ही येतो’ म्हणून तिला सहा तास बसवून ठेवू नका.
- पहिल्यांदाच चढणाऱ्यांसाठी : पाचनईकडून हरिश्चंद्रगड. देवळं, केदारेश्वराची गुहा आणि कोकणकडा, एवढं सगळं त्या मानाने सोप्या वाटेने मिळतं. दोन देवगिरी जमले की कळसूबाई.
- चार-पाच चढाया झालेल्यांसाठी : रतनगड, आणि बागलाणातला साल्हेर. साल्हेर १५६७ मीटर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. १६७२ च्या लढाईमुळे इतिहासात गाजलेला, आणि २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक. तिथे गर्दी अजून बेताची आहे.
- दोर, हेल्मेट आणि जाणकार म्होरक्या असेल तरच : सांदण दरी पूर्ण उतरून जाणं, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट, अलंग-मदन-कुलंग.

हरिहरबद्दल वेगळं सांगतो, कारण त्याच्या उभ्या पायऱ्यांचे व्हिडिओ पाहून सगळ्यांना तिथेच जायचं असतं. पायऱ्या खरोखर अप्रतिम आहेत. पण वाट एका माणसापुरती, चढणारे आणि उतरणारे त्याच वाटेवर. रविवारी तिथे अक्षरशः रांग लागते. जायचं तर कामाच्या दिवशी जा आणि पावसात मुळीच नको.

केव्हा जायचं?

आपल्याकडे वर्षभरात पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे पाऊस म्हटलं की आपल्याला आनंदच होतो, भीती वाटत नाही. घाटमाथ्यावर याच्या कित्येक पट कोसळतो आणि तिथली माणसं त्याला घाबरूनच वागतात. समोरच्या ओढ्यात घोटाभर पाणी आहे म्हणून उतरलात आणि वर दोन किलोमीटरवर ढग फुटला, तर पाणी छातीला यायला काही मिनिटं पुरतात. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या वरच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ते पोहायला उतरलेले नव्हते, प्रवाहात उभे होते.

- जून ते सप्टेंबर : हिरवाई पाहायची तर भंडारदरा परिसरात गाडीने फिरा. चढाई करायची तर निघण्याच्या आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा जिल्हावार इशारा पाहा. केशरी किंवा लाल असेल तर बेत पुढे ढकला. मुसळधार पावसात जिल्हाधिकारी धबधबे, गड, धरणं पर्यटकांना बंद करतात. नाक्यावरून परत फिरण्यापेक्षा आधी गावात फोन करून विचारलेलं बरं.
- सांदण दरी पावसाळ्यात नाहीच. ही दरी म्हणजे पाण्याचीच वाट आहे. दोन्ही बाजूंना उभे कातळ, पळायला जागा नाही. नोव्हेंबर ते मार्च हा तिचा काळ. ‘आम्ही ऑगस्टमध्येही नेतो’ म्हणणाऱ्याचा नंबर लगेच पुसून टाका.
- सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर : माझ्या मते सगळ्यात सुंदर. उतारांवर सोनकी फुललेली, आभाळ मोकळं. नवरात्रात मात्र कळसूबाईला जत्रा असते. दर्शनाला जायचं तर जरूर जा, निवांतपणाची अपेक्षा ठेवू नका.
- नोव्हेंबर ते फेब्रुवारी : नवख्यांसाठी उत्तम. रात्री थंडी चांगलीच बोचते.
- मेअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा : काजव्यांचे दिवस. काजवे अंधारातच दिसतात, हे साधं सत्य शेकडो गाड्यांच्या हेडलाइटमध्ये हरवून जातं. गाडी लांब ठेवा, दिवे बंद करा, मोबाइलचा फ्लॅश तर नकोच. अभयारण्यात रात्री किती वाजेपर्यंत प्रवेश आहे ते वनखात्याच्या नाक्यावर विचारून घ्या.

जायचं कसं?

चारचाकी असेल तर समृद्धी महामार्गाने आपलं काम सोपं केलं आहे. माळीवाडा किंवा सावंगीला चढा, शिर्डी मागे टाकून इगतपुरी तालुक्यात भरवीरला उतरा, तिथून घोटी आणि मग बारी, भंडारदरा. साडेतीन तास धरा. पाचनईला जायचं तर शिर्डीला उतरून संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे. बाइकवाल्यांनी वैजापूर-येवला-सिन्नरचा जुना रस्ता धरायचा. आणि सिमेंटच्या सरळसोट रस्त्यावर एकाच वेगाने जाताना डोळे उघडे असूनही मेंदू झोपतो. निघण्यापूर्वी टायर तपासा, तासा-दीड तासाने खाली उतरा.

गाडी भाड्याने घेत असाल तर नंबर प्लेट पिवळी आहे ना, हे पाहा. ओळखीच्या माणसाची पांढऱ्या प्लेटची गाडी चारशे-पाचशे रुपयांनी स्वस्त पडते, पण अपघात झाला तर ‘खासगी गाडी भाड्याने का वापरली’ म्हणून विमा कंपनी वाद घालते.

एसटी-रेल्वेने जाणाऱ्यांनी नाशिक किंवा इगतपुरी गाठावं, पुढे घोटी आणि तिथून बारीकडे जाणाऱ्या जीप. अडचण जाताना येत नाही, येताना येते. खेड्यातून शेवटची गाडी किती वाजता सुटते, ते चढण्यापूर्वी विचारा.

आयोजकाला पैसे देण्यापूर्वी

आयोजकांमध्ये मन लावून काम करणारे खूप आहेत. आणि शनिवारी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढून रविवारी ‘ट्रेक लीडर’ होणारेही आहेत. दोघांचं पोस्टर सारखंच दिसतं. फरक प्रश्न विचारल्यावर कळतो.

पहिला प्रश्न नोंदणीचा. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. जमिनीवरचे, पाण्यातले किंवा हवेतले साहसी उपक्रम व्यवसाय म्हणून चालवणाऱ्याने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणं त्यात बंधनकारक आहे. तेव्हा प्रमाणपत्राचा फोटो मागा. ‘आमचे इतके हजार फॉलोअर आहेत’ हे त्याचं उत्तर नव्हे. शंका असेल तर संचालनालयाच्या आपल्या शहरातल्या प्रादेशिक कार्यालयात चौकशी करा.

मग हे विचारा, आणि उत्तरं तोंडी नव्हे, मेसेजवर घ्या :

- एकूण किती जण, आणि किती जणांमागे एक म्होरक्या? दहा-बारा जणांमागे एक हवा. चाळीस जणांमागे दोन असतील तर ती जत्रा.
- सगळ्यात मागे कोण चालतं? हा माझा आवडता प्रश्न. चांगला आयोजक लगेच नाव सांगतो. कच्चा आयोजक ‘कोणीतरी असतंच’ म्हणतो.
- प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कुणाचं झालंय?
- गावातला वाटाड्या सोबत आहे का?
- दोराने उतरायचं असेल तर हेल्मेट प्रत्येकाला मिळणार का? एका दोरासोबत दुसरा सुरक्षा दोर असतो का?
- विमा आहे का? असेल तर पॉलिसीची प्रत. ‘इन्शुरन्स इन्क्लूडेड’ एवढ्या शब्दांवर जाऊ नका.
- आयोजकाने रद्द केलं तर किती पैसे परत, मी रद्द केलं तर किती, प्रशासनाने गड बंद केला तर किती? तिन्ही वेगळं विचारा. भांडणं तिसऱ्यावरूनच होतात.

मुलींनी आणि महिलांनी आणखी विचारावं : तंबू वेगळे आहेत का, सोबत महिला म्होरक्या आहे का, स्वच्छतागृह गावात कुठे आहे. हे विचारताना अवघडायचं काही कारण नाही. अवघडणारा आयोजक असेल तर तो तुमच्या कामाचा नाही.

‘काहीही झाल्यास आयोजक जबाबदार राहणार नाही’ अशा कागदावर सही घेतात. डोंगरातले धोके तुम्हाला ठाऊक आहेत, एवढंच त्यातून सिद्ध होतं. कुजका दोर वापरला, वाटेत सोडून गेले, बंदी असताना नेलं, तर निष्काळजीपणाचं उत्तर त्यांना द्यावंच लागतं. सही करण्यापूर्वी कागदाचा फोटो काढून ठेवा.

आयोजकाशिवाय, आपलेआपण जायचं असेल तर गावात आधी फोन करून घरगुती जेवण आणि राहायची सोय ठरवा. माणसं नेमकी किती, ते सांगा. दहा सांगून सहा गेलात तर चार माणसांची नागलीची भाकरी आणि पिठलं त्या माउलीच्या गळ्यात पडतं. वाटाड्याचे पैसे ठरवून घ्या, पण घासाघीस करू नका. धुकं पडल्यावर वाट त्याच्याच पायांना ठाऊक असते.

पिशवीत काय, काय नको

- दर माणशी तीन लिटर पाणी. कळसूबाईच्या वाटेवर सुट्टीच्या दिवशी ताक-लिंबूपाणी मिळतं, पण त्यावर विसंबू नका.
- ओआरएसची दोन पाकिटं, गूळ-शेंगदाणे, धपाटे. धपाटे दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात, ब्रेडचं सँडविच पिशवीत लगदा होतं.
- तळव्याला खोल खाचा असलेले बूट, आणि ते आधी पंधरा दिवस वापरलेले. नवे बूट डोंगरात घालणं म्हणजे फोडांना आमंत्रण. गुळगुळीत तळव्याचे स्पोर्ट शूज ओल्या कातळावर साबणासारखे सरकतात.
- डोक्याला लावायची बॅटरी, दिवसाची सहल असली तरी. मोबाइलची बॅटरी फोनसाठी राखा.
- पावसाळी जाकीट. घाटातल्या वाऱ्यात छत्री उलटते आणि एक हात अडकतो.
- शिट्टी. आवाज बसल्यावरही ती वाजते.
- नेहमीची औषधं स्वतःच्या पिशवीत. मधुमेह असेल तर खिशात साखर.
- कोरडे कपडे गाडीत.

नको असलेल्यांत जीन्स (भिजली की दुप्पट जड), मोठा स्पीकर आणि अत्तर. शेवटच्या दोन्ही वस्तू आग्या मोहोळाशी गाठ घालून देतात. अजिंठा, पितळखोऱ्याच्या कड्यांवर लटकलेली ती काळी पोळी तुम्ही पाहिली असतील. गडांच्या कड्यांवरही तीच असतात. माश्या उठल्याच तर हात झटकू नका, चेहरा आणि मान झाका आणि तिथून लांब निघा. खालून धूर तर कधीच करू नका.

निघताना घरी एक कागद

फ्रिजवर चिकटवता येईल एवढा. त्यावर गडाचं नाव, पायथ्याचं गाव, गाडीचा नंबर, सोबतच्या दोघांचे नंबर, गावात ज्यांच्याकडे जेवणार त्यांचा नंबर आणि ही ओळ : ‘संध्याकाळी सातपर्यंत फोन आला नाही तर आधी गावात फोन करा, मग ११२ ला.’ माथ्यावर रेंज येते आणि जाते, त्यामुळे तासभर उशीर झाला म्हणून घरच्यांनी घाबरू नये, आणि पाच तास झाले तरी ‘येतील’ म्हणून बसूही नये.

वर गेल्यावर

परतीची वेळ पायथ्यालाच ठरवा. सकाळी सहाला निघालात तर अकरा ही परतीची वेळ. अकरा वाजता जिथे असाल तिथून मागे फिरायचं, माथा समोर दिसत असला तरी. माथा पंधरा मिनिटांवर आहे, असं म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याच्या पंधरा मिनिटांचा तास होतो.

कड्याच्या धारेपासून माणसाच्या उंचीएवढं अंतर सोडा. कोकणकड्यावर झोपून, पोटावर सरकत खाली पाहतात, त्याला कारण आहे. तिथला वारा खालून वर येतो आणि तोल घालवतो. पाठ कड्याकडे करून फोटो काढायचाच नाही.

कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे. प्रवेश शुल्काची पावती जपून ठेवा. जाळ, फटाके, परवानगीशिवाय ड्रोन यांतलं काहीही तिथे चालत नाही.

काही बिघडलंच तर

- वाट चुकलात : थांबा. शेवटची ओळखीची खूण आठवून तिथपर्यंत मागे जा. तीही सापडेना तर एकाच जागी बसून शिट्टी वाजवत राहा. ओढ्याच्या कडेने खाली उतरू नका. पाणी गावाकडे जातं हे सपाटीवरचं शहाणपण. सह्याद्रीत ओढा थेट कड्यावरून उडी मारतो.
- कुणी पडलं : मान किंवा पाठ दुखत असेल तर हलवू नका. दोघं जवळ थांबा, दोघं गावात जा. ११२ आणि १०८ लावा. राज्यातल्या गिर्यारोहक संस्थांची बचाव पथकं ‘महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर’ या नावाने एकत्र काम करतात. ही सगळी स्वयंसेवक मंडळी आहेत. त्यांचा मदत क्रमांक घरून निघतानाच फोनमध्ये साठवा.
- साप चावला : कापणं, चोखणं, आवळून बांधणं, मांत्रिक, काही नको. चावलेला भाग हलू न देता माणसाला जवळच्या सरकारी ग्रामीण रुग्णालयात न्या.

पैसे अडकले, फसवणूक झाली

बहुतेक जण इथे ‘जाऊ द्या’ म्हणतात, कारण आयोजक पुण्याचा किंवा मुंबईचा असतो आणि तिकडे खेटे कोण घालणार. खेटे घालायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे आयोजक कुठलाही असो, सुनावणी छत्रपती संभाजीनगरला होऊ शकते. पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेला असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत दोन वर्षांची.

आधी आयोजकाला लेखी मागणी करा, पंधरा दिवस द्या. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. कितीतरी प्रकरणं तिथेच मिटतात. पोस्टरचा फोटो, पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट आणि वर म्हटलेले मेसेज हा तुमचा पुरावा. ट्रेक संपल्यावर आयोजक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बंद करतात, त्याआधी चॅट जतन करा.

आणि थेट हिमालय?

सह्याद्रीत दोन-तीन चढाया झाल्या की केदारकंठाचे बेत सुरू होतात. सचखंड एक्सप्रेस इथून थेट दिल्लीला नेते, त्यामुळे तिथवर जाणं अवघड नाही. अवघड आहे ती हवा. आपलं शहर सहाशे मीटरच्याही खाली, केदारकंठाचा माथा ३८०० मीटरवर. अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो. रोज व्यायाम करणाऱ्यालाही होतो.

- तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर एका दिवसात झोपायची जागा पाचशे मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नका. तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत हे आकडे नसतील तर आयोजकाकडून मागून घ्या.
- विमानाने लेहला उतरलात तर पहिले दोन दिवस फक्त आराम. खारदुंगला तिसऱ्या दिवसानंतर.
- रक्तदाब, दमा, हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांशी बोला. डायमॉक्सची गोळी मैत्रिणीने घेतली म्हणून आपण घ्यायची नसते. सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना ते आधी सांगावं.
- डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं ही पहिली लक्षणं. त्यावर आणखी वर चढायचं नाही. बोलणं अडखळलं, चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी सोबत घेऊन खाली उतरायचं.

आपल्याकडे एक घोटाळा हमखास होतो. डोकं दुखतंय, उलटी झाली, की माणूस म्हणतो, ‘काही नाही, पित्त झालंय,’ आणि सोबतचे त्याला आवळासुपारी देऊन वर नेतात. घरी ते पित्त असेल. तीन हजार मीटरवर ते पित्त नाही असं धरूनच चाला.